पुंजाजींच्या जागेवरून

डोणगावच्या जयमालानं चाळिशीच्या तोंडावर कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गावाला बोलायला एक विषय मिळाला. बारावी झाली न झाली तोच तिचं लग्न लागलं होतं. आता मुलगी छकुली नववीत गेली होती, नवरा दीपक याचं कृषी केंद्र बरं चालत होतं आणि बाईच्या मनानं घेतलं की राहिलेलं शिक्षण पुरं करायचं. "आता काय कलेक्टर होतं काय?" असं सासू वच्छलाबाईंनी विचारलं खरं, पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी सुनेच्या आधी उठून डब्याच्या भाकरी त्यांनीच थापल्या. वच्छलाबाईंचं तसंच होतं. तोंड विरोधी पक्षात, हात सरकार पक्षात.

कॉलेज मेहकरला. मानसशास्त्र हा विषय तिनं घेतला तो काही ओढीनं नव्हे. त्याचे तास डोणगावच्या एसटीला जुळत होते म्हणून घेतला. ओढ लागली ती नंतर, आणि ती लावली प्रेमला मॅडमनी.

प्रेमला मॅडम बुटक्या, पिकल्या केसांच्या, हळू आवाजाच्या. पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाला विचारलं, "राग आला की तुम्हाला काय होतं?" जयमाला उभी राहिली आणि म्हणाली, "मले राग आला की माहे कान गरम होतात." वर्गात खसखस पिकली. घरी सगळेच 'मले' म्हणणारे; पण वर्गात 'मला' म्हणायचं, असा त्या पोरांचा आपसातला कायदा होता. मॅडम हसणाऱ्यांना रागावल्या नाहीत. त्या जयमालाच्या बाकापाशी आल्या आणि जणू वर्गात दुसरं कुणी नाहीच अशा थाटात म्हणाल्या, "कान गरम होतात. आणि मग?"

"मंग... मी भांडे घासते. जोरात. घासलेलेच परत घासते."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी मान हलवली. त्या हलवण्यात शाबासकी नव्हती की दयाही नव्हती. तुमचं बोलणं पोचलं, एवढंच त्यात होतं. जयमाला खाली बसली तेव्हा तिला उगीचच उंच झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात प्रात्यक्षिक आलं. एका माणसाची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यायची, उत्तरांचे गुण मांडायचे आणि तो माणूस कोणत्या प्रकारात बसतो ते लिहायचं. कुणी मैत्रीण धरली, कुणी भाऊ. जयमालानं सासऱ्यांना धरलं.

त्याला कारण होतं. पुंजाजी म्हणजे एकेकाळी डोणगावातला सगळ्यांचा माणूस. भावाभावांचा वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होवो की लग्नात मानपानावरून रुसवा होवो, पुंजाजीला बोलवा. तो दोन्हीकडच्यांना शिव्या घालायचा, दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि भांडण मिटवून यायचा. पण गेल्या दोन-तीन वर्षांत हा माणूस फिरला होता. रस्त्यात कुणी रामराम घातला तर बघायचा नाही. लग्नाला गेलाच तर खांबाला पाठ लावून बसायचा आणि दिवस मावळायच्या आत उठायचा. घरात तांब्या जागचा हलला की वच्छलाबाईंवर ओरडायचा. गाव म्हणत होतं, पोराचं दुकान चाललं, म्हाताऱ्याला गुर्मी आली.

आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते कडूबाच्या मुलीच्या लग्नात. कडूबा हा पुंजाजींचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघांच्या वावराला एकच धुरा. लग्नात कडूबा स्वतः हात जोडून पुंजाजींना जेवायला न्यायला आला. पुंजाजींनी त्याच्याकडे साधं पाहिलंसुद्धा नाही. भर मांडवात त्याला ओलांडून ते सरळ बाहेर निघून गेले. मुलीच्या बापाचा एवढा अपमान! त्या दिवसापासून कडूबानं त्यांचं नाव टाकलं. वावरात दोघं समोरासमोर आले तरी एक जण तुरीशी बोलायचा, दुसरा बैलाशी.

जयमालाला वाटलं, घ्यावीच यांची चाचणी. शास्त्र काय म्हणतं ते तरी कळेल.

दुपारी जेवणं झाल्यावर ती कागद घेऊन ओसरीवर बसली. "मामाजी, मी वाचते. तुमी हो, नाई, नाहीतर सांगता येत नाई, एवढंच म्हना."

"कोर्टातल्यावानी?"

"तसंच समजा. पैलं घ्या. 'मला समूहात मिसळायला आवडते.'"

"कोन्या समूहात? बचत गटात?"

"मामाजी, म्हंजे लोकाईत."

"मंग तसं म्हन ना. कोन्त्या लोकाईत? घरच्या लोकाईत येगळं, बजारात येगळं. हो बी लिही अन् नाई बी लिही."

"दोन्ही नाई लिहिता येत."

"मंग तुह्या कागदाले जागा कमी हाये."

आत वच्छलाबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. जयमालानं नेटानं पुढचं वाचलं. "'मी निर्णय घेताना गोंधळतो.'"

"सोयाबीनचा निर्नय का पऱ्हाटीचा?"

असं चाललं होतं. बरं, म्हाताऱ्याला मजाही येत होती. कितीतरी दिवसांनी ते एवढं बोलत होते. मग जयमालानं वाचलं, "'मी ओळखीच्या व्यक्तींना टाळतो, असे इतरांना वाटते.'"

पुंजाजींचा चेहरा उतरला. "ठिव तो कागद," ते म्हणाले आणि पायांनी चपला चाचपत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर अर्धवट कागद ठेवताना जयमालाला रडूच येत होतं. मॅडमनी कागद बघितला आणि बाजूला सारला. "चाचणी वाईट नाही हो. तिचं तिचं काम ती करते. पण ती बाहेर उभी राहून माणसाची उंची-रुंदी मोजते. तो माणूस जिथं उभा आहे तिथून त्याला जग कसं दिसतं, हे तिला कसं कळणार? ते एकट्या त्यालाच माहीत असतं. आणि त्याचं वागणं ठरतं ते त्याला दिसणाऱ्या जगावरून. तुम्हाला-मला दिसणाऱ्या जगावरून नाही."

"मग मी काय करू, मॅडम?"

"त्यांच्याजवळ बसा. कसं वाटतं ते विचारा, का ते विचारू नका. 'का' म्हटलं की माणूस वकील शोधतो. सल्ला देऊ नका, समजूत घालू नका. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला कळलंय का, तेवढं त्यांनाच विचारून घ्या. बस."

"एवढंच?"

मॅडम हसल्या. "एवढंच. मला अजून नीट जमत नाही."

तीस-पस्तीस वर्षं शिकवणारी बाई असं म्हणते, याचं जयमालाला फार नवल वाटलं. एसटीत खिडकीशी बसून ती तेच घोळवत राहिली.

रविवारी ती सासऱ्यांची भाकर घेऊन वावरात गेली. हरभरा घाट्यावर आला होता. पुंजाजी बांधावरच्या निंबाखाली बसले होते. भाकर खाऊन झाली, चूळ भरून झाली. जयमालाही तिथंच बसली. चार घाटे तोडून ती सोलत राहिली.

"कागद नाई आनला आज?" पुंजाजींनीच काढलं.

"नाई आनला. मामाजी, लगनात गेल्यावर तुमाले कसं वाटते?"

तिला वाटलं, आता उठतील. पण ते उठले नाहीत. काडीनं मातीत रेघा मारत म्हणाले, "मानसं एकदम उगवतात."

"उगवतात?"

"हाव. कोनी नसते, अन् एकदम तोंडापाशी मानूस. खांद्याले हात लागते, तवा समजते की कोनी उभं होतं."

'म्हंजे तुमाले दिसत नाई काय?' हे जयमालाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "म्हंजे चार लोकाईत बसलं तरी भेवच वाटत राह्यते, आता कोन कुठून येते म्हनून," ती म्हणाली. "म्हनून खांब पाह्यता पाठीशी."

पुंजाजींनी झटकन मान वळवली. पूर्ण वळवली, पार तिच्यासमोर तोंड आणलं, आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचा बांध फुटला. समोरचं नीट दिसतं, अगदी घाट्यातली अळीसुद्धा दिसते. पण बाजूचं गेलं. आधी डाव्या अंगाचं, मग उजव्या. पाण्याच्या पाइपातून पाहावं तसं जग झालं आहे. दिवस कलला की तेही धूसर होतं. तांब्या जागचा हलला की तो नाहीसाच होतो. रस्त्यात कोण रामराम घालतं ते कळत नाही. आणि आवाज आला म्हणून वळून बघावं तर माणूस निघून गेलेला असतो, रागावून.

"अन् कडूबा?" तिनं हळूच विचारलं.

"डाव्या हातानं आलता म्हने." पुंजाजी म्हणाले. "म्या पाह्यलंच नाई त्याले. मी मोरी शोधत होतो, हात धुवाले. दुसऱ्या दिशी लोकाईनं सांगतलं, तू कडूबाले लाथाडलं. आता काय सांगू? आंधया झालो म्हनून सांगू?"

'त्यात काय एवढं! सांगून टाकायचं!' जगातलं कुठलंही शहाणं माणूस इथं हेच म्हणालं असतं. जयमालाही कालपरवापर्यंत म्हणाली असती. पण आज तिला त्या निंबाखालून, त्यांच्या जागेवरून, घर दिसलं. ओसरीवरची बाज दिसली. 'आबा, तुमी बसा, तुमाले दिसत नाई,' असं दिवसभर म्हणणारी माया करणारी माणसं दिसली.

"तुमाले वाटते, एकदा का डोये गेले म्हटलं, की मंग घरात पुंजाजी राह्यत नाई. नुसता एक म्हातारा राह्यते."

पुंजाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हाव," ते म्हणाले. "अगदी तसंच. तुले कसं समजलं, पोरी?" आणि थोड्या वेळानं, "कोनाले सांगू नको."

तिनं शब्द दिला. घरी येताना तिला सासऱ्यांचा राग आला नाही, कीवही आली नाही. हा माणूस एवढी वर्षं, एवढंसं दिसत असताना, रोज वावर करत होता, तण काढत होता आणि कुणाला पत्ता लागू देत नव्हता. मनोमन तिनं त्यांना हात जोडले.

पण शब्द देणं सोपं, पाळणं जड. पुंजाजी वावरात जायचे ते सायकलवर, आणि रस्ता सगळा ट्रॅक्टर-ट्रकांचा. सायकलची घंटी वाजली की जयमाला हातातलं काम टाकून दारात यायची. ती मॅडमकडे गेली. "मॅडम, एका माणसानं मला काही सांगितलंय. सांगणार नाही म्हणून मी शब्द दिलाय."

"मग मला सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "तुमचं सांगा. तुम्हाला काय होतंय?"

"भीती वाटते. रात्रंदिवस."

"हे त्या माणसाला सांगितलंत?"

"त्यांना कसं सांगू? मी तर ऐकून घ्यायचं."

"ऐकून घ्यायचं म्हणजे लाकूड होऊन बसायचं नाही, जयमालाबाई. पोटात भीती आणि तोंडावर शांती, असं फार दिवस चालत नाही. समोरच्याला वास येतोच. त्यांचं गुपित त्यांचं. ते त्यांनीच उघडायचं. पण तुमची भीती तुमची आहे. ती तुम्ही त्यांच्यासमोर ठेवू शकता. तिचा चाबूक मात्र करू नका."

ठेवीन ठेवीन म्हणत जयमालाचे दिवस गेले. आणि एका संध्याकाळी जे व्हायचं ते झालं. छकुली उकळत्या चहाची कपबशी घेऊन आजोबांच्या डाव्या बाजूनं आली, पुंजाजी त्याच वेळी उठले, आणि त्यांच्या कोपराचा धक्का लागून सगळा चहा पोरीच्या हातावर सांडला. ती किंचाळली. पुंजाजी घाबरले आणि घाबरलेला माणूस ओरडतो तसे ओरडले, "आंधयी हायेस काय तू?"

दीपक दुकानातून नुकताच आला होता. त्यानं पोरीचा हात पाण्याखाली धरला आणि बापावर फुटला. "वरून तिलेच बोलता? काय सभाव झाला तुमचा, आबा! गावात कोनी नाव घेत नाई, आता घरातले बी तोडता काय?"

पुंजाजी तसेच अंगणात निघून गेले. जयमालाच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य, आणि म्हातारा सुटला असता. पण ते वाक्य तिचं नव्हतं. ती छकुलीच्या हाताला मलम लावत राहिली. सुदैवानं नुसती लाली होती, फोड आला नव्हता. मग ती अंगणात गेली. पुंजाजी गोठ्याच्या दाराशी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"मामाजी," ती समोरून, त्यांना दिसेल अशी आली. "मले तुमचा राग आला. छकुलीवर ओरडले म्हनून. अन् मले भेव वाटते. तुमी सायकल काढली की घरी येईपावतर माह्या जिवात जीव नसते. मी कोनाले सांगतलं नाई अन् सांगनार बी नाई. पन हे माह्यानं आता लपवनं होत नाई."

ती थांबली. 'म्हनून आता तुमीच सांगून टाका' हे पुढचं वाक्य तिनं जोडलं नाही. तेवढं गाळायला तिला जी ताकद लागली, ती आजवर कुठल्या कामाला लागली नव्हती.

पुंजाजी बैलाची पाठ खाजवत राहिले. मग खाकरले, धोतराचा सोगा सारखा केला आणि भिंतीच्या कडेकडेनं घरात गेले. ती मागं गेली नाही. तिला दारातून ऐकू आलं.

"छकुली, आंधयी तू नाई, बाई. मी हाये. अर्धा. दीपक, बस. तुही माय कुठी हाये? बलाव तिले. मले सांगाचं हाये."

त्या संध्याकाळी वच्छलाबाई सगळ्यात जास्त रडल्या. तांब्यावरून एवढी वर्षं खाल्लेल्या शिव्यांचा त्यांना पहिल्यांदाच अर्थ लागला होता. "मले नाई सांगतलं," एवढंच त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात दीपकनं जयमालाला बरोबर घेऊन पुंजाजींना बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. पण रोज थेंब घातले आणि वेळेवर तपासलं तर उरलेली टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना गाडीत दीपकनं हिशेब मांडला: वावर बटाईनं द्यायचं, सायकल विकायची, आबांनी आता आराम करायचा. पुंजाजी खिडकीबाहेर बघत होते.

"मामाजी हायेत इथीच," जयमाला म्हणाली. "त्याईले इचारा ना."

दीपकनं बायकोकडे बघितलं. मग तो बापाकडे वळला आणि ओशाळून म्हणाला, "आबा, तुमाले काय वाटते?"

पुंजाजींनी खिडकीकडचं तोंड फिरवलं. "सायकल सोडतो," ते म्हणाले. "ते माह्याच जिवाचं नाई, दुसऱ्याच्याई जिवाचं हाये. पन वावर नाई सोडत. पायी जाईन. मावळाच्या आंधी येईन. अन् मले कोनी बाजेवर बसवलं, तर मी त्या बाजेले आग लावीन."

"हाव, आबा," दीपक म्हणाला, आणि गाडीत दोघंही हसले.

कडूबाकडे मात्र ते कुणाला बरोबर न घेता गेले. "हे माहं हाये, मलेच निपटू द्या," म्हणाले. वच्छलाबाई आणि जयमाला ओसरीवर ताटकळत बसल्या. बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी दोन म्हातारे दिसले. कडूबा पुंजाजींच्या डाव्या अंगानं चालत होता आणि त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू येत होता. "भैताडा! एवढे दिस मी तुह्या नावानं बोटं मोडले. सांगता नाई आलं तुले? मी काय परका हावो काय बे?" पुंजाजी मान खाली घालून शिव्या ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की जयमालाला दुसरीकडे बघावं लागलं.

प्रात्यक्षिकात जयमालाला फारसे गुण मिळाले नाहीत. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना पूर्ण भरलेली चाचणी हवी होती, आणि ती काही तिच्याकडे नव्हती. "मग हा माणूस कोणत्या प्रकारात बसतो?" त्यांनी विचारलं. "सर, तो बसत नाही," ती म्हणाली. "तो अजून चालतो आहे." परीक्षकांना हे उत्तर उद्धट वाटलं. शेजारी बसलेल्या प्रेमला मॅडमनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

तुरी निघाल्या, उन्हं तापायला लागली. सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम घरात जयमालाकडे आलं. एकदा सकाळी थेंब घालून झाल्यावर पुंजाजी डोळे मिटून तसेच पडून राहिले आणि म्हणाले, "तू एवढ्या लांब एसटीनं जातं. बुकं वाचतं. कसं वाटते तुले तिथी, पोरीसोरीत बसून? म्या कधी इचारलंच नाई."

जयमालानं बाटलीचं झाकण लावलं. एसटीची वेळ होत आली होती, आत भाजी चुलीवर होती. ती बाजेच्या कडेवर टेकली.

"पैले पैले लई लाज वाटे, मामाजी," तिनं सुरुवात केली.